‘समाधानी’ या चौकोनातली माझी खूण खोटी होती

प्रति,
व्यवस्थापन आणि वाहतूक नियोजन विभाग,
शहर बस सेवा

स. न. वि. वि.

तुमच्या प्रवासी समाधान सर्वेक्षणात मी एक फॉर्म भरला आहे. त्यात ‘एकंदर सेवेबद्दल आपले मत’ या शेवटच्या प्रश्नापुढे मी ‘समाधानी’ या चौकोनात खूण केली. ती खोटी होती. आता फॉर्म मोजले जातील, टक्केवारी निघेल, अहवालात एक गोल आलेख येईल आणि त्याच्या हिरव्या भागात माझाही एक कण असेल. तो तिथे राहू नये, म्हणून हे पत्र.

फॉर्म भरून घेणारा मुलगा कॉलेजातला असावा. गळ्यात ओळखपत्र, काखेत क्लिपबोर्ड, एका हातानं वरचा दांडा धरलेला. प्रत्येक वळणाला तो आणि क्लिपबोर्ड दोघंही माझ्या अंगावर यायचे. “काकू, दोनच मिनिटं,” म्हणाला. दहा प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन, ‘अत्यंत समाधानी’पासून ‘अत्यंत असमाधानी’पर्यंत. ही पाच पायऱ्यांची शिडी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३२ साली मांडली. तेव्हापासून तिच्यावर उभं राहून किती लोकांनी माझ्यासारखी थाप मारली असेल, देव जाणे.

मी थाप का मारली? खरं सांगायचं तर त्या क्षणी मी सुखात होते. थांब्यावर ३८ मिनिटं काढल्यावर बस आली होती, मला तिच्यात चढता आलं होतं आणि तिसऱ्या थांब्यावर एक बाई उठल्यामुळे खिडकीची जागाही मिळाली होती. घशाला कोरड पडलेल्या माणसाच्या हातात तांब्या द्यायचा आणि पाणी कसं होतं म्हणून विचारायचं, तसा तो प्रश्न होता. शिवाय वाहक माझ्या शेजारीच उभा होता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, पन्नासेक माणसांमधून तिकिटं फाडत पुढे सरकत आलेला. त्याच्यासमोर ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ या प्रश्नाला ‘असमाधानी’ लिहायची माझी छाती झाली नसती. आणि त्याची वागणूक वाईट नव्हतीच मुळी.

पण माझी खूण बाजूला ठेवा. मला जास्त खटकतं ते दुसरंच. तो मुलगा बसमध्ये उभा होता, थांब्यावर नव्हता.

त्या ३८ मिनिटांत आमच्या थांब्यावर काय झालं ते सांगते. मी पोचले तेव्हा आम्ही अकराजण होतो. पंधराव्या मिनिटाला दोन मुली चालत निघाल्या. विसाव्या मिनिटाला एका गृहस्थांनी फोन करून कुणाला तरी स्कूटरवरून बोलावून घेतलं. लहान मूल कडेवर घेतलेली एक बाई तीनदा रस्त्यात उतरून वाकून पाहून आली आणि शेवटी काही न बोलता परत घराच्या दिशेनं गेली. जिथे जायचं होतं तिथे ती गेलीच नाही. मग बस आली. खच्चून भरलेली होती, म्हणून चालकानं थांब्यावर न थांबवता वीस-पंचवीस पावलं पुढे नेऊन उभी केली. ज्यांना धावता आलं ते चढले. माझ्या शेजारी काठी टेकून उभे असलेले एक आजोबा होते. बस थांब्याच्या पुढे जाताना त्यांनी धावायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्यांनी फक्त काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

तुमचा फॉर्म मला मिळाला. आजोबांना मिळाला नाही, मूल घेतलेल्या बाईला मिळाला नाही, चालत गेलेल्या मुलींना मिळाला नाही. शर्यत जिंकलेल्यांनाच शर्यत कशी वाटली म्हणून विचारलं, तर उत्तर बरंच येणार.

आता तुमच्याकडून काय उत्तर येईल तेही मला ठाऊक आहे: त्या मार्गावर दर तासाला सहा फेऱ्या आहेत आणि त्या दिवशी जवळपास सगळ्या झाल्या. असतीलही. पण फेऱ्या मोजणं वेगळं आणि वाट पाहणं मोजणं वेगळं. साधा हिशेब करू या. तासाला सहा बस, दर दहा मिनिटांनी एक अशा नेमानं आल्या, तर वेळापत्रक न बघता थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीनं दर वीस मिनिटांनी आल्या, तर सरासरी दहा मिनिटं. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, इंधन तेवढंच, आगाराच्या नोंदवहीत सहाच्या सहा फेऱ्या पूर्ण. आमचं थांबणं मात्र दुप्पट.

जोड्या इतक्या घट्ट नसल्या तरी फरक पडतोच. एक बस पाच मिनिटांनी, पुढची पंधरा मिनिटांनी, अशी आळीपाळीनं चालली तर सरासरी वाट सव्वासहा मिनिटांची होते. वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटं मोठ्या खंडात जातात, म्हणून चार प्रवाशांमधले तीन त्या मोठ्या खंडातच थांब्यावर येऊन उभे राहतात. ‘माझ्याच नशिबी नेहमी उशिराची बस’ असं ज्याला त्याला वाटतं, त्याचं कारण हे आहे. त्यात नशिबाचा काही दोष नाही, बहुतेक माणसं खरोखरच मोठ्या खंडात सापडतात.

गर्दीचंही हेच गणित. मोठ्या खंडानंतर येणाऱ्या बसमध्ये साठ माणसं असतात आणि तिच्या पाठोपाठ येणारीत वीस. तुमच्या कागदावर सरासरी चाळीस, म्हणजे बस जेमतेम भरलेली. पण ऐंशी प्रवाशांपैकी साठजणांनी साठांची गर्दी सोसली, आणि चाळीस माणसांची बस तर कुणी पाहिलीच नाही. सरासरी चाळीसचा आकडा ज्या बसचा आहे, ती फक्त तुमच्या तक्त्यात धावते.

दोन बस एकमेकींना चिकटून का येतात, याचं कोडं नवं नाही. नेवेल आणि पॉट्स या दोघा अभ्यासकांनी १९६४ सालीच त्याचं गणित मांडलं. एखाद्या बसला काही कारणानं दोन मिनिटं उशीर झाला, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात. ती चढायला जास्त वेळ घेतात, म्हणून उशीर आणखी वाढतो. मागून येणाऱ्या बसला थांब्यावर माणसंच उरत नाहीत, ती झपझप पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते. म्हणजे चालकानं काहीही चूक केली नाही तरी हे होणार. मोकळं सोडलं तर वेळापत्रक आपोआप विस्कटतं. ते धरून ठेवायला कुणीतरी लागतं. मार्गाच्या मध्ये नियंत्रक उभा करून मागची बस मिनिट-दोन मिनिटं रोखावी लागते, शेवटच्या थांब्यावर परतीच्या फेरीआधी थोडा राखीव वेळ ठेवावा लागतो. बसगाड्यांत आता जीपीएस आहेच. कोणती बस कुठे आहे हे तुम्हाला बसल्या जागी दिसतं. दिसतं म्हणूनच विचारते, की ते बघून कुणी कधी एखादी बस रोखली आहे का?

लंडनमध्ये तासाला पाच किंवा त्याहून जास्त बस असलेल्या मार्गांवर बस वेळापत्रकातल्या मिनिटाला आली की नाही, याला फारसं महत्त्व देत नाहीत. तिथे ‘जादा वाट’ मोजतात: बस ठरल्या अंतरानं आल्या असत्या तर प्रवासी किती थांबला असता, प्रत्यक्षात किती थांबला, आणि दोहोंमधला फरक किती. बस चालवणाऱ्या कंपन्यांना मिळणारं बक्षीस आणि होणारा दंड या आकड्याला बांधलेला असतो. तुम्ही उद्या पाच चौकोनांचे सगळे फॉर्म रद्दीत घातलेत आणि एवढा एक आकडा मार्गागणिक दर महिन्याला थांब्यावर लावलात, तरी मी तुम्हाला दुवा देईन.

वक्तशीरपणाच्या टक्केवारीबद्दलही एक शंका आहे. रद्द झालेली फेरी त्यात कुठे धरता? ती हिशेबातूनच वगळत असाल, तर उशिरा धावणारी बस रद्द करणं हा टक्केवारी सुधारायचा सगळ्यात सोपा मार्ग ठरतो. आणि वेळेआधी सुटलेली बस? आगारात तिला कुणी बोलत नसेल, उलट ‘गाडी वेळेत काढली’ म्हणत असतील. पण तासाला एकच बस असलेल्या मार्गावर ती तीन मिनिटं आधी गेली, तर वेळेवर आलेल्या माणसाचा पूर्ण तास जातो. उशिरा आलेली बस मिळते तरी.

आता समाधान या शब्दाबद्दल. पॅरासुरामन, झाइथामल आणि बेरी या तिघा अभ्यासकांनी १९८८ मध्ये सेवेची गुणवत्ता मोजायची एक पद्धत मांडली. ती ‘सर्व्हक्वाल’ नावानं ओळखली जाते आणि बससेवेच्या सर्वेक्षणांतही पुष्कळ वापरली जाते. ग्राहकाची अपेक्षा काय होती ते विचारायचं, अनुभव काय आला ते विचारायचं, आणि दोहोंमधली तफावत म्हणजे गुणवत्ता. बाह्य रूप, भरवसा, तत्परता, विश्वास आणि आपुलकी अशी तिची पाच अंगं, आणि या तिघांच्याच अभ्यासात लोकांनी सगळ्यात जास्त वजन दिलं ते भरवशाला. तुमच्या दहा प्रश्नांत आसनं होती, खिडक्या होत्या, स्वच्छता होती, गणवेशसुद्धा होता. भरवशाचा प्रश्न एकच, तोही आठवा, ‘बसची वारंवारिता’ अशा शब्दांत. तोवर मुलाचा पुढचा थांबा आला होता आणि आम्ही दोघंही भराभर खुणा करत होतो.

अर्थात या पद्धतीवरही माझा पुरता विश्वास नाही. अपेक्षाच शून्यावर आलेली असली तर तफावत कशात मोजणार? वीस वर्षांपूर्वी दहा मिनिटं बस आली नाही तर मी चिडायचे. आता घरून निघताना पाऊण तास धरूनच निघते, आणि तो पाऊण तास लागला तर बस ‘वेळेवर’ आली असं म्हणते. माझ्या समाधानाचा आकडा वीस वर्षांत सुधारला असेल. त्यात तुमची काही करामत नाही, मी शहाणी झाले एवढंच. ज्यांना दुसरा पर्याय आहे ते कधीच निघून गेले, म्हणजे असमाधानी माणसं तुमच्या बसमधून आपोआप गाळली गेली. उरलेल्यांचं समाधान दरवर्षी वाढत जाईल, फक्त उरलेले दरवर्षी कमी होत जातील.

सार्वजनिक प्रवासी वाहतुकीसाठी युरोपात २००२ मध्ये एक मानक आलं, ईएन १३८१६. त्यातली एक गोष्ट मला फार पटते. तिथे गुणवत्ता चार जागी वेगवेगळी पाहिली आहे: प्रवाशाला हवी असलेली, सेवा देणाऱ्यानं ठरवलेली, प्रत्यक्ष दिलेली आणि प्रवाशाला जाणवलेली. तुम्ही चौथीच तेवढी विचारता. दुसरी मात्र कुठे लिहिलेली दिसत नाही. आम्हाला किती मिनिटांत बस मिळेल, उभ्या प्रवाशांची गर्दी किती झाली म्हणजे तुम्ही जादा बस सोडाल, बिघडलेल्या बसमधल्या माणसांना किती वेळात दुसरी बस द्याल, याचं तुमचं वचन काय? वचनच दिलेलं नसेल तर ते मोडल्याची तक्रार तरी कशी करायची?

थांब्यावर आता विजेवर चालणारा फलक लागला आहे. त्या दिवशी त्यावर ‘४ मिनिटे’ अशी अक्षरं होती आणि मी घड्याळ लावून पाहिलं, ती अकरा मिनिटं तशीच होती. मग एकदम ‘२२ मिनिटे’ झाली. फलक लावण्यामागचा हेतू चांगला आहे, यात वाद नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरात केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की बस नेमकी कधी येणार हे फोनवर कळणाऱ्या प्रवाशांना वाट जेवढी पाहिली तेवढीच वाटली, आणि ज्यांना कळत नव्हतं त्यांना ती होती त्याहून जास्त वाटली. पण हे बरोबर माहितीबद्दल आहे. खोटी चार मिनिटं सांगून तुम्ही त्या दोन मुलींना थांबवून ठेवलंत. फलक नसता तर त्या पहिल्या मिनिटालाच चालायला लागल्या असत्या आणि घरी लवकर पोचल्या असत्या.

आसनांबद्दल, खिडक्यांबद्दल मला विशेष काही म्हणायचं नाही. काच घट्ट बसते, जोर लावला की उघडते. चालतं.

पायरीबद्दल मात्र म्हणायचं आहे. तुमच्या नव्या बस खालच्या तळाच्या आहेत. फुटपाथला नीट लागली तर अशा बसमध्ये एका पावलात चढता येतं, कारण तिचा तळ जमिनीपासून साधारण ३२ ते ४० सेंटिमीटरच उंच असतो, आणि थांब्यावर बस एका बाजूला झुकवायची सोयही बहुतेक गाड्यांत असते. एवढा खर्च करून गाडी आणायची आणि ती रस्त्याच्या मधोमध, फुटपाथपासून दीड मीटर लांब उभी करायची, म्हणजे सगळं मुसळ केरात. रस्त्यात उतरून चढायचं तर ती पायरी पुन्हा गुडघ्यापर्यंत येते. चालक तरी काय करणार, थांब्यासमोर गाड्या लावलेल्या असतात. थांब्याची जागा रिकामी ठेवणं तुमच्या हातात नाही, वाहतूक पोलिसांच्या आणि पालिकेच्या हातात आहे, असं तुम्ही म्हणाल. मग त्यांना तुम्ही पत्र लिहा. मी तुम्हाला लिहितेच आहे.

शेवटच्या बसचंही सांगायला हवं. माझी एक मैत्रीण रात्री साडेनऊला कामावरून सुटते. शेवटची बस दहा वाजता आहे, पण आठवड्यातून एखादे दिवस ती येत नाही. एखादे दिवसच. तुमच्या हिशेबात ती फेरी सातातले सहा दिवस झाली, म्हणजे कामगिरी उत्तमच. पण कोणता दिवस ते आधी कळत नाही, आणि अंधाऱ्या थांब्यावर एकटीनं उभं राहून ते शोधून काढायची तिची तयारी नाही. म्हणून तिनं कर्ज काढून स्कूटर घेतली. आता ती सकाळीही बसनं जात नाही. रात्रीची एक फेरी चुकली आणि महिन्याचे सगळे प्रवास गेले. सकाळच्या बसमध्ये प्रवासी का घटले, याचं कारण तुमचे लोक सकाळच्याच बसमध्ये शोधत असतील.

तक्रार केली नाही असं नाही. त्या ३८ मिनिटांची मी त्याच रात्री केली. मार्ग क्रमांक, थांबा, वेळ, सगळं लिहिलं. लगेच नोंदणी क्रमांक आला, बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी संदेश आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय झालं होतं, बस कुठे अडकली होती, पुढे काय करणार, एक अक्षर नाही. खाली मात्र विचारलं होतं, तक्रार निवारणाबाबत आपण समाधानी आहात का? पुन्हा तेच पाच चौकोन.

हे वाचून एखाद्या चालकाला किंवा वाहकाला मेमो निघणार असेल, तर हे पत्र इथेच फाडून टाका. फेरीला जो वेळ तुम्ही कागदावर दिला आहे तो आजच्या रस्त्यांवर पुरत नाही, हे बसमध्ये रोज बसणाऱ्याला दिसतं. शेवटच्या थांब्यावर उतरून तोंडावर पाणी मारायला वेळ नाही, की चालक पुन्हा चाकामागे. थांबा सोडून पुढे गाडी उभी करतो तो आमच्यावर राग म्हणून नव्हे. दारात लोंबकळणारी चार माणसं त्याला आरशात दिसत असतात. एकदा त्यालाही एक फॉर्म द्या. या मार्गाला खरा किती वेळ लागतो, एवढाच प्रश्न टाका आणि चौकोन न देता कोरी जागा सोडा.

पुढच्या सर्वेक्षणाला तो कॉलेजचा मुलगा पाठवाल तेव्हा त्याला थांब्यावर उभा करा. संध्याकाळी सहा ते आठ, हातात फॉर्मऐवजी घड्याळ द्या. कोण कधी आलं, कोण कधी चढलं, कोण न चढता निघून गेलं, एवढंच लिहू दे. आठ दिवसांत जे कळेल ते हजार फॉर्मांतून कळणार नाही. आणि काठीवाले आजोबा दिसले तर त्यांना त्याच्या शेजारी बसायला जागा द्या, आमच्या थांब्यावरचा बाक मोडून दोन वर्षं झाली.

राहिला माझा फॉर्म. तो शोधणं अवघड नाही. मुलाचं पेन मध्येच बंद पडलं, म्हणून पहिल्या सहा प्रश्नांच्या खुणा निळ्या आहेत आणि उरलेल्या चार माझ्या पर्समधल्या लाल पेनानं केलेल्या. दहाव्या प्रश्नापुढची लाल खूण खोडा आणि तिथे ‘३८ मिनिटं’ असं लिहा. त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही, समासात लिहा.

आपली,
एक प्रवासी